पाव लिटर पाणी

नांदगावला स्टेशन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. आता त्यात झेरॉक्सचं मशीनच जास्त चालतं, पण बोर्डावर अजून ‘फोटो स्टुडिओ’ असंच लिहिलेलं आहे. दहा बाय बाराची खोली, मागे निळा पडदा, एक स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे. न्यायडोंगरी, बोलठाण, जातेगाव, साकोऱ्याकडची माणसं बाजाराच्या दिवशी यायची. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, बँकेला लागणारा नवरा-बायकोचा जोडफोटो आणि कुणी गेलं की जुन्या ग्रुपफोटोतून त्याचं एकट्याचं तोंड काढून मोठं करणं. सगळी कामं माणसांच्या तोंडाची. हनुवटी वर, खांदा खाली, डोळे मिटू नका. झाडपाल्याकडे कॅमेरा वळवायचं काही कारणच नव्हतं.

उजेड मला लोडशेडिंगनं शिकवला. त्या काळात दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे ते पुढच्या दुकानात जाणार. मग मी स्टूल उचलून दारात आणायचो, एका बाजूला पांढरी चादर धरायला पोरगा उभा करायचो आणि रस्त्यावरून आत येणाऱ्या उजेडात फोटो काढायचो. धुऊन आल्यावर बघितलं तर दिव्याच्या फोटोत माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसायचा आणि दारातल्या फोटोत घरातला वाटायचा. हे मला कळलं होतं, पण त्याचं पुढं काही करावं असं सुचलं नव्हतं.

ते सुचलं २०१६ च्या पावसाळ्यात. फिल्मच्या जमान्यातला माझा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा कपाटात पडून होता. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स काढून फडक्यानं पुसत मी मागच्या दारात उभा होतो. गच्चीचा पाइप तिथं गळतो, म्हणून भिंतीचा हातभर तुकडा पावसाळ्यात हिरवा होतो. आई असती तर म्हणाली असती, भिंतीला मखमल आली. मी लेन्स उलटी धरून सहज त्या हिरव्यावर नेली आणि डोळा लावला. मखमल कुठली, ते तर अख्खं रान होतं! एकेक रोप वेगळं, एकेक पान वेगळं, आणि मधूनच केसासारख्या तांबूस दांड्या वर आलेल्या, त्यांच्या टोकाला मान खाली घातलेल्या इवल्याशा बोंड्या. बत्तीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून मी चहा प्यायलो होतो.

तीच लेन्स डिजिटल कॅमेऱ्यापुढं उलटी धरून मी पहिले फोटो काढले. ते सगळे हलले. मग नाशिकहून रिव्हर्स रिंग मागवली. या रिंगेनं लेन्स उलटी बसवता येते आणि आधी दूरचं जवळ आणणारं तेच भिंग जवळचं मोठं करायला लागतं. मोठ्या किमतीची मॅक्रो लेन्स घ्यायची ऐपत नव्हती आणि तिच्यावाचून माझं अडलंही नाही. पण हे काम सोपं नाही. कॅमेरा रोपापासून चार बोटांवर न्यावा लागतो. लेन्स फिरवून फोकस होत नाही, आपणच श्वास रोखून पुढं-मागं सरकायचं. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा. बोंडी साधली तर दांडी गेली, दांडी साधली तर पान गेलं. लेन्सचं तोंड बारीक केलं तर पट्टा थोडा वाढतो, पण आत अंधार होतो आणि काहीच दिसत नाही. म्हणून तोंड उघडं ठेवून जागा धरायची, आणि मग कूस न बदलता अंगठ्यानं रिंगेचे खटके मोजत ते मिटायचं. कॅमेऱ्याखाली मी बाजरी भरलेली पिशवी ठेवतो. तिला मारू तसा खड्डा पडतो आणि कॅमेरा त्यात बसून राहतो.

फ्लॅश मी एकदाच वापरून बघितला. पाण्याच्या प्रत्येक थेंबावर पांढरा डाग पडला आणि पानं प्लॅस्टिकची दिसायला लागली. मॉसचं पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं. उजेड त्याच्यावर पाडायचा नसतो, त्याच्यातून येऊ द्यायचा असतो. मागून मऊ उजेड आला की ते आतून पेटल्यासारखं दिसतं. ढगाळ सकाळ सगळ्यात चांगली, कारण ढग म्हणजे आभाळभर ताणलेली पांढरी चादर. ऊन असलं तर मी मध्ये ट्रेसिंग पेपर धरतो आणि सावलीच्या बाजूनं बिस्किटपुड्याचा चंदेरी कागद. हे माझं सगळं सामान.

कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे एक सर झेरॉक्सला यायचे. त्यांना फोटो दाखवले तर ते झेरॉक्स विसरले. त्यांनी सांगितलं, आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण पाण्यावर तरंगणारं ते शैवल वेगळं आणि ही भिंतीवरची शेवाळी वेगळी. हिला खरी मुळं नाहीत, नुसते धरून ठेवणारे धागे. पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नाहीत, ती सगळ्या अंगानं पाणी पिते. जमिनीवर राहते, पण फळायचं म्हटलं की पाण्याचा पातळ थर लागतोच, कारण नराचं बीज पोहत मादीपर्यंत जातं. म्हणून पुस्तकात हिला वनस्पतींमधला बेडूक, म्हणजे उभयचर, म्हणतात. माझ्या भिंतीवरची बहुतेक फ्युनेरिया असावी, असंही ते म्हणाले. तिच्या जातीच्या नावातच ओलावा मोजणारी असा अर्थ आहे, कारण हवेतला दमटपणा बदलला की तिची दांडी पीळ खाते आणि सोडते. त्यांनीच मला कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन माणसाचं काम दाखवलं. बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा हा मास्तर घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं, साध्या दिवसाच्या उजेडात, कळ्या आणि कोंब मोठे करून फोटो काढायचा. त्याचं पुस्तक १९२८ साली निघालं. तेव्हा आमच्या आजोबांनी शेतातली विहीर खणायला घेतली असेल नसेल.

त्या विहिरीचीच ही गोष्ट.

विहीर आमच्या मळ्यात. मोटेच्या काळातली, काळ्या दगडानं बांधलेली, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या. थारोळं अजून शाबूत आहे. मळा माझा मोठा भाऊ नाना करतो. वडील गेले तेव्हा मी म्हणालो, मला स्टुडिओ आहे, शेती तू बघ. तेव्हापासून त्यानं ती बघितली आणि मी सणाला जाऊन हुरडा खाल्ला. नाशिक जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना द्राक्षं आठवतात आणि धबधबे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात आम्ही पाचशेच्या आसपास पडला तर देवाला नारळ फोडतो.

विहिरीत शेवाळी आहे हे लहानपणापासून माहीत होतं, कारण तिच्यावरून घसरून मी एकदा पाण्यात पडलो होतो आणि नानानं केस धरून वर काढलं होतं. २०१७ च्या पावसाळ्यात मी कॅमेरा घेऊन तिथं उतरलो. उत्तरेच्या अंगाला, चौथ्या पायरीच्या वर, दगडाच्या खोबणीत तिचा गादीसारखा थर, आणि शेजारी हंसराजाची काळ्या देठाची नाजूक पानं. विहिरीतला उजेड तर असा की मी तसा स्टुडिओत पैसे घालूनही केला नसता. सकाळी ऊन समोरच्या भिंतीवर पडतं आणि तिथून परतून आपल्याकडं येतं, उकळून थंड केलेल्या दुधासारखं. नाना वरून बघायचा आणि हसायचा. ‘‘बापू, माणसं पाण्यासाठी विहिरीत उतरत्यात, तू गवतासाठी.’’

पुढच्या वर्षी पाऊस दोन नक्षत्रं बरसला आणि गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा नांदगाव तालुका होता. दिवाळीला विहिरीत गुडघाभर पाणी होतं, संक्रांतीला नव्हतं. नानाची डाळिंबाची चारशे झाडं होती. बोअर आटली तेव्हा त्यानं टँकर विकत घेऊन झाडं जगवायला सुरुवात केली. आधी सगळ्यांना पाणी, मग निम्म्यांना, मग शंभरांना. मार्चमध्ये एके दिवशी त्यानं कुऱ्हाड लावली. मला फोन केला नाही. मला ते बाजारात आलेल्या गाववाल्याकडून कळलं.

मे महिन्यात मी मळ्यावर गेलो. निमित्त भावाला भेटायचं, पण खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होतीच. सरांनी मला सांगितलेलं डोक्यात घोळत होतं. शेवाळीच्या काही जाती पार कोळ होईपर्यंत वाळतात आणि पाणी मिळालं की काही मिनिटांत पुन्हा हिरव्या होतात. मेलेली वाटते, पण ती फक्त थांबलेली असते. हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. एसटी स्टँडवर पाण्याची एक लिटरची बाटली विकत घेतली आणि न्हाव्याच्या दुकानात असते तशी फवाऱ्याची बाटली स्टुडिओतून आणली होती.

नाना घरी नव्हता. वहिनी म्हणाल्या, टँकर यायचाय, रांगेत हंडे लावायला गेलेत. मी विहिरीत उतरलो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. आमच्याकडं मेच्या २०-२२ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबातच राहते आणि ऊन थेट विहिरीच्या तळाला लागतं. त्या उन्हात फोटो होत नाही. त्याच्या आत काम उरकायचं होतं. तळाला भेगाळलेला गाळ, एक तुटलेली बादली, होल्याची पिसं. चौथ्या पायरीच्या वरची गादी काळपट तपकिरी पडली होती, बोट लावलं तर चुरा व्हावी अशी. मी खालच्या पायरीवर बसून कॅमेरा वरच्या बाजूला तिरका लावला, म्हणजे मागं आभाळ येईल. फवारा मारला. चार-सहा वेळा. थोडं थांबून आणखी.

पहिल्यांदा नुसता रंग गडद झाला. मग पीळ सुटायला लागले. अंगाला घट्ट चिकटलेली पानं एकेक करून उलगडली, झोपलेल्या माणसानं मूठ सोडावी तशी. पाच-सात मिनिटांत ती हिरवी झाली. मी खटाखट फोटो काढत सुटलो. एका जुन्या वाळक्या बोंडीच्या टोकाला थेंब लोंबत होता, तो पडायच्या आत मी श्वास रोखून तो साधला. मला आनंद झाला होता. खरं सांगायचं तर, त्या घटकेला दुष्काळ आहे हे मी विसरलो होतो.

वर बघितलं तर कठड्याशी नाना उभा होता. खांद्यावर हंडा. किती वेळ उभा होता कोण जाणे. काही बोलला नाही. मी बघितल्यावर वळून घराकडं गेला.

बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. मी घरी आलो, ओसरीवर कुणी नाही असं बघून ते माठात ओतलं आणि रिकामी बाटली बॅगेत लपवली. कुणाचं काही चोरल्यासारखं वाटत होतं. पाणी तर माझ्याच पैशाचं होतं.

रात्री अंगणात बाजा टाकल्यावर नाना म्हणाला, ‘‘किती पाणी लागलं रे त्याला?’’

‘‘पाव लिटर. तेवढंही नसेल.’’

‘‘आन् किती येळात हिरवं झालं?’’

‘‘पाच-सात मिनिटं.’’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, ‘‘डाळिंबाला असं नही जमत.’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आम्हा दोघांच्या मध्ये तोडलेल्या बागेच्या बुंध्यांचा ढीग होता, सरपणाला लावलेला. चांदण्यात तो दिसत होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला, उशिरा पण आला. त्या दिवाळीनंतर नाशिकच्या काही हौशी मंडळींनी मिळून फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं, त्यात माझे सहा फोटो होते. वाळलेली शेवाळी आणि तीच हिरवी झालेली, असे दोन शेजारी शेजारी. बघायला आलेले लोक वाकून वाकून बघत होते, मला बरं वाटत होतं. मग मांडणी करणाऱ्या एका भल्या माणसानं सुचवलं, या जोडीला नाव देऊ, ‘दुष्काळातला शेतकरी’. किती चिवट बघा, म्हणाले, पाणी नसलं तरी मरत नाही, थेंब पडला की पुन्हा उभा. आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी नाही म्हणालो. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, ‘‘नाव नको, तारीख लिहा.’’

आता सांगतो. शेवाळी वाळते तेव्हा तिला कुणाचं देणं नसतं. सोसायटीचं कर्ज नसतं, पोरीचं लग्न नसतं. थांबणं हा तिचा जन्माचा गुण आहे, तिच्या पानातच तो आहे. माझा भाऊ थांबला तो गुण म्हणून नाही, त्याला जायला जागा नव्हती म्हणून. आणि पाणी आल्यावर त्याची चारशे झाडं पाच मिनिटांत उभी राहिली नाहीत. माणसाला चिवट म्हटलं की त्याला पाणी द्यायची जबाबदारी आपल्यावरून उतरते. विहिरीच्या तळाशी बसून फवारा मारताना मीही एक प्रकारे तेच केलं होतं. मी हिरवं होणारं बघितलं, वर उभा असलेला बघितला नाही.

पण तो फोटोत आला होता. ते मला फार उशिरा कळलं.

थेंबाच्या त्या फोटोची मोठी प्रिंट करायची म्हणून मी एका रात्री तो कॉम्प्युटरवर ताणून बघत होतो. थेंब हाही एक भिंगच. मागं जे असेल ते त्यात उलटं दिसतं. त्या थेंबात विहिरीचं अख्खं तोंड होतं, चुलीवरच्या भाकरीसारखं गोल, पांढऱ्या आभाळानं भरलेलं. आणि त्या गोलाच्या काठावर एक काळा ठिपका. आधी मला सेन्सरवरची धूळ वाटली. आणखी ताणला. ठिपक्याच्या शेजारी त्याच्याहून मोठा दुसरा ठिपका, चिकटून. खांद्यावर हंडा घेतलेला माणूस, खाली डोकं वर पाय. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसणार नाही. मला दिसलं, कारण मी त्या माणसाचे लग्नापासूनचे फोटो काढलेत.

प्रिंट काढून मळ्यावर नेली. नानानं नवं काही लावलं नव्हतं, मका आणि कांदा होता. विहिरीला पाणी होतं आणि चौथ्या पायरीवर गादी होती. त्यानं हात धोतराला पुसून प्रिंट हातात घेतली, उजेडाकडं धरली.

‘‘आभाळ गोल आलंय,’’ तो म्हणाला. मग बोटानं दाखवून, ‘‘इथं डाग पडला का रे?’’

‘‘डाग नाही. तू आहेस.’’

तो बघत राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनाही त्यानं दाखवलं नाही.

‘‘उलटा आहे.’’

‘‘थेंबात सगळं उलटंच दिसतं, नाना.’’

‘‘म्हंजे बरोबर काढलाय. त्या साली तसाच होतो.’’

तो हसला, आणि मला काय करावं कळेना, म्हणून मी चहाच्या कपात बघत राहिलो. चहा संपल्यावर तो उठला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘उरलेलं पाणी तू माठात ओतलं होतं. ते बी बघितलं होतं मी.’’

मग त्यानं आतली प्लॅस्टिकची पिशवी काढली, सातबारा, पासबुकं आणि वडिलांचा फोटो असतो ती, आणि प्रिंट तिच्यात ठेवली. जरा मोठी होती, वाकवावी लागली.